रेडिएटरमधला कळणा

त्या उन्हाळ्यात धुळ्याच्या आमच्या अंगणात तीन गोष्टी शेजारी शेजारी वाळत होत्या. आईचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आबांची धोतरं आणि पन्नाशेठच्या मोटारीचा कार्ब्युरेटर. यातल्या पहिल्या दोन गोष्टी दरवर्षीच्या. तिसरी माझ्यामुळे आली होती. आबा, म्हणजे माझे वडील, शाळेत शिकवून आले की धोतर उचलायला अंगणात जात, खाटेवर कापडावर मांडलेले ते पितळी-लोखंडी तुकडे पाहत, एक मोठा श्वास घेत आणि आत निघून जात. जळगावच्या कॉलेजात इंटर सायन्सला मी इतका नीट नापास झालो होतो की पुढच्या वर्षी पुन्हा बसावं असं मला शिकवणाऱ्यांनाही वाटलं नव्हतं. तिथून परत येताना मी दोन वस्तू आणल्या. एक गुंडाळलेलं अंथरूण आणि दुसरं रद्दीच्या दुकानातून घेतलेलं मोटार दुरुस्तीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. पुस्तकाची सुरुवातीची पानं कोणीतरी फाडली होती. त्यामुळे माझं मोटारीचं ज्ञान सुरू होत होतं ते थेट मधूनच, आणि आता या वयात कबूल करायला हरकत नाही, ते तसंच मधल्यामध्ये राहिलं.

पन्नाशेठ आमच्या शेजारचे. कापडाचं दुकान, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं मऊ. त्यांच्या वडिलांनी कोण्या साहेबाकडून घेतलेली एक काळी विलायती मोटार त्यांच्या दारात निंबाखाली उभी असायची. ड्रायव्हर गावी निघून गेला होता तेव्हापासून ती हलली नव्हती. शेठ रोज सकाळी देवदर्शनाहून आले की तिच्या बॉनेटवरची निंबाची पानं स्वतः झटकत. वडिलांची आठवण म्हणून ती विकवत नव्हती आणि चालवायचं धाडस नव्हतं. अशा वेळी मी पुस्तक काखेत मारून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "शेठ, तिचं थ्रॉटल अडकलंय. दोन दिवसांचं काम." थ्रॉटल हा शब्द मी आदल्या रात्रीच वाचला होता. शेठ म्हणाले, "विनू, बापूजींची गाडी आहे. खोलशील ते ठीक, पण परत लावशील ना?" मी हसलो. त्या हसण्याला दोन दिवसांऐवजी पाच आठवडे लागले.

पण काय ते पाच आठवडे! मला अजून त्या पेट्रोलचा वास आठवला की अंगावर काटा येतो. कार्ब्युरेटर उघडला तेव्हा आत मातीचा इतका थर होता की त्यात मेथी पेरता आली असती. एक्सिलेटरचं पेडल दाबलं की एक सळई खेचली जाते, सळई थ्रॉटलची चकती फिरवते, चकती फिरली की हवा आत जाते, हवा पेट्रोल ओढते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण आपल्या बोटांनी ती चकती पहिल्यांदा फिरवली आणि ती 'टक्' करून स्प्रिंगने परत आली, तेव्हा मी अंगणात ओरडलोच. आई बिबड्याचं पीठ घाटत होती, ती दचकली. त्याच गडबडीत वाटीतला पेट्रोल सोडणारा सगळ्यात बारीक पितळी जेट कुठेतरी उडाला. दिवसभर आम्ही शोधला. तो सापडला आबांना. ओला बिबडा खायची त्यांना फार हौस. त्यांनी घास घेतला, 'कट्' असा आवाज झाला, त्यांनी जिभेवरून ती वस्तू काढून डोळ्यांसमोर धरली आणि आईला म्हणाले, "मीठ बरोबर आहे. पितळ जरा जास्त झालंय."

गाडी सुरू झाली त्या सकाळी अख्खी गल्ली जमली होती. मी हँडल मारलं. एकदा, दोनदा, सातदा. आठव्यांदा तिने खोकल्यासारखं केलं, मागून काळा धूर सोडला आणि मग असा काही ठेका धरला की निंबावरचे कावळे एकदम उडाले. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना म्हणालो, "म्हटलं नव्हतं?" आणि तेवढ्यात पोस्टमन पोस्टकार्ड घेऊन आला.

कार्ड अक्काच्या सासऱ्यांचं होतं. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न होऊन वर्ष होत आलं होतं. साक्रीच्या पुढे, पिंपळनेरच्या वाटेवरचं गाव, घरची शेती. सगळे तिच्या सासऱ्यांना नाना म्हणत. आणि आता तिची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकीने माहेरी यायचा सण, येत होती. खानदेशात ज्याच्या घरी लेक आहे त्याला पहिली आखाजी म्हणजे काय हे सांगायला नको. आईने महिनाभर आधीपासून सांजोऱ्यांचा रवा निवडला होता, मांड्यांचं खापर घासून ठेवलं होतं, आंबे कुठले घ्यायचे यावर आबांशी दोनदा भांडून झालं होतं. कार्डावर नानांनी लिहिलं होतं: "सूनबाईंना सहावा महिना लागला आहे. एसटीने पाठवणार नाही. लहान मोटार घेऊन मुऱ्हाळी आल्यास व सणाच्या आदल्या दिवशी सूर्य मावळण्याच्या आत आल्यास पाठवू. सणाच्या दिवशी घरची लक्ष्मी बाहेर काढण्याची आमची रीत नाही. कळावे." मुऱ्हाळी म्हणजे बहिणीला माहेरी आणायला जाणारा भाऊ. म्हणजे मी. आई कार्ड हातात धरून खालीच बसली. "लहान मोटार? आपण कुठून आणायची लहान मोटार?" मी दाराबाहेर बोट दाखवलं. बाहेर ती अजून ठेक्यात गुरगुरत होती. आईने एकदा मोटारीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मोटारीवर विश्वास ठेवायचं ठरवलं.

शेठ एका अटीवर तयार झाले. "मी पण येतो. तू मुऱ्हाळी, पण गाडीचा मुऱ्हाळी मी."

आता खरी चूक सांगायची वेळ आली. इतकी वर्षं ती मी वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या प्रकारे सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी तीत माझा दोष थोडा कमी केला आहे. इथे पुरा लिहितो. निघायच्या आदल्या संध्याकाळी रेडिएटरखाली पाण्याचा डाग दिसला. थेंब थेंब गळत होतं. झाळ लावून भोक बुजवणारा सणासाठी आपल्या गावी गेलेला. नाक्यावर एक ट्रकवाला चहा पीत होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "हळद टाक चमचाभर, चिमूटभर पीठ टाक. भोक बुजतं. आम्ही असेच सुरतेपर्यंत जातो." मी धावत घरी आलो. "आई, हळद दे. आणि पीठ दे." "कसलं पीठ?" "कसलंही दे गं!" आईच्या हाताशी कळण्याच्या पिठाचा डबा होता. ज्वारी आणि उडीद, त्यात मीठ घालून दळलेलं, आमच्याकडे भरीत असलं की त्याच्याच भाकरी. ट्रकवाल्याने चिमूट म्हटलं होतं. पण चिमूट हे काही शास्त्रीय माप नव्हे असा मी विचार केला. इतका मोठा रेडिएटर आणि चिमूट? मी चार मुठी टाकल्या. दहा मिनिटांत गळती बंद! मी आईला हाक मारून बाहेर आणलं, कोरडी जमीन दाखवली. ती म्हणाली, "हे पीठ पाण्यात शिजणार नाही का रे?" मी म्हणालो, "आई, हे इंजिन आहे. चूल नाही." आजही आमच्या घरात कोणी फार शहाणपणा केला की हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं जातं.

दुसऱ्या दिवशी निघायला दहा वाजले, कारण आईचं बांधणं संपेना. सांजोऱ्यांचा डबा, आंब्यांची पाटी, अक्काच्या सासूला खण. शेठनी स्वतःच्या दुकानातलं एक हिरवं पातळ अक्कासाठी आणलं होतं, सुतळीने घट्ट बांधलेलं. ते माझ्या शेजारी पुढे बसले, मांडीवर पातळाचं पुडकं, हातात छत्री. वैशाखातलं ऊन, खिडक्या उघड्या, येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा, आणि मी मात्र राजा होतो. धुळं मागे पडलं, पांझरेच्या बाजूची हिरवी शेतं आली, एसटीतल्या लोकांनी वळून पाहिलं. मी हॉर्न वाजवला. कारण नव्हतं. फक्त वाजवला. "धीरे, विनू, धीरे," शेठ म्हणत होते, पण त्यांचाही पाय ठेका धरत होता.

कुसुंबा गेलं आणि शेठ म्हणाले, "विनू, हा काटा कसला?"

तो पाण्याच्या उष्णतेचा काटा. इंजिनाच्या डोक्यावर एक पितळी बोंड बसवलेलं असतं, पाण्यात बुडालेलं. त्याला एक वायर. पाणी तापलं की त्या बोंडाला कळतं, ते वायरीतून कळवतं आणि समोरचा काटा चढतो. आज ज्याला सेन्सर म्हणतात तेच हे, फक्त तेव्हा त्याला कोणी इतकं मानाचं नाव दिलं नव्हतं. काटा लाल रेघेला टेकला होता. मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, पुस्तक उघडलं. एक परिच्छेद सापडला: काटा वर अडकला असेल तर बोंडावरची वायर काढा, काटा खाली पडला तर काटा ठीक, बोंड बिघडलेलं. मी वायर काढली. "शेठ, काटा?" "पडला! एकदम खाली!" "मग झालं. बोंड खोटं बोलत होतं." शेठ खूश झाले. "वा! म्हणजे आता गाडी थंड?" "गाडी थंडच होती, शेठ. तो खोटारडा होता." त्या परिच्छेदाच्या वर एक ओळ होती: सर्वप्रथम इंजिन खरोखर तापलेले नाही याची खात्री करा. ती ओळ मी वाचली ती नंतर, पुष्कळ नंतर.

परवा जळगावहून येताना माझ्या मुलाच्या गाडीत एक पिवळा दिवा लागला. गॅरेजमधल्या पोराने छोटंसं यंत्र खुपसलं, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, "काका, थ्रॉटलचा सेन्सर गेलाय, बदलून टाकू." मी म्हटलं, "बाबा रे, आधी थ्रॉटल उघडून बघ. तो सेन्सर कदाचित खरं सांगत असेल." त्याने उघडलं. आत काळी काजळी साचली होती, पुसली आणि दिवा विझला. पोराने मला विचारलं, "काका, तुम्ही मेकॅनिक होता का?" मी म्हटलं, "नाही. गुन्हेगार होतो."

तर आम्ही निघालो. काटा थंडीत झोपल्यासारखा खाली. तीनेक मैल गेलो असू. शेठनी नाक वर केलं. "विनू, भाकरीचा वास येतो आहे."

"शेतात कोणी भाजत असेल."

"शेतात चूल कुठे आहे?"

मी इकडेतिकडे पाहिलं. चूल नव्हती. वास मात्र खरा होता, खरपूस, तव्यावर भाकरी लागते तसा. मला, खोटं कशाला बोलू, भूकही लागली. आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटींतून वाफ आली, इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी रस्त्याकडेच्या एका चिंचेखाली जाऊन गप्प झाली.

शेठ आणि मी उतरलो आणि मी रेडिएटरच्या झाकणावर रुमाल टाकून ते फिरवलं. इतकंच आठवतं की झाकण माझ्या हातातून गेलं. त्यानंतर आत जे काही होतं ते आकाशाकडे निघालं. घट्ट, पिवळं, बुडबुडे फोडत. अर्धं माझ्या बाहीवर, उरलेलं शेठच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर आणि थोडं त्यांच्या टोपीवर. मी भाजल्या हाताने नाचत होतो. शेठ मात्र हलले नाहीत. धोतराकडे पाहून एवढंच म्हणाले, "विनू, हे गाडीचं काय आहे?"

उत्तर दुसरीकडून आलं. चिंचेच्या पलीकडे विहीर होती आणि तिथून एक म्हातारी कमरेवर हात ठेवून येत होती. खोचलेलं लुगडं, तोंडात दात मोजके. तिने बंपरवर सांडलेलं ते बोटाने उचललं, वास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"आरे भो! हाऊ ते कळणा शे!"

मी मान खाली घातली.

"मीठ टाकेल शे का?"

"टाकेल शे," मी म्हणालो.

ती जी हसायला लागली, तिला विहिरीच्या कडेला बसावं लागलं. "गाडीमा कळणा रांधस! बठ्ठं आयुष्य गयं, आसं नही देखं." मग डोळे पुसून तिने मला सगळं विचारून घेतलं. कुठे जातोय, कोणाकडे, का. बहिणीचं नाव आलं, सहावा महिना आला, सूर्य मावळायच्या आत हे आलं आणि तिचं हसू थांबलं. मी बादली घेऊन विहिरीकडे धावलो. थंड पाणी ओतावं आणि निघावं एवढंच डोक्यात. तिने बादली धरली. "तापेल तवावर थंडं पानी टाकस का कोनी? तवा फुटी जाई. बस आठे."

बसलो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लांब तास. सूर्य डोक्यावरून सरकत होता आणि मी गरम इंजिनाकडे पाहत होतो. आखाजीच्या सकाळी आई दारात उभी आहे आणि अक्का नाही, एवढंच चित्र पुन्हा पुन्हा. शेठनी धोतर विहिरीवर धुतलं, पिळलं, ओलंच नेसलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

गाडी हात लावण्याजोगी झाली तशी म्हातारी उठली. तिच्या शेतात ऑइल इंजिनाचा पंप होता. मुलगा बाजाराला गेला होता म्हणून मला वाटलं पंप बंदच राहणार. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, हँडल घातलं आणि दोन फेऱ्यांत ते धडधडायला लावलं. मी सात-आठ फेऱ्यांत घाम गाळणारा इंजिनियर! "मोरी तुंबनी म्हणजे जथाईन पानी निंघस, तथाईनच काडी घालतंस," ती म्हणाली. बरोबर होतं. पाणी जिथून निघतं तिथूनच उलटं मारायचं. मी रेडिएटरचा खालचा रबरी होज सोडला आणि खालूनच पंपाचं पाणी आत सोडलं. पुस्तकात हे कुठेच नव्हतं. वरून कळण्याच्या गुठळ्या यायला लागल्या. मोठ्या, लहान, काही अगदी नीट शिजलेल्या. शेठ छत्रीच्या टोकाने त्या बाजूला सारत मोजत होते. पाणी निवळ आलं तेव्हा आम्ही तिघं एकदम ओरडलो. होज लावला, गळणाऱ्या जागेवर साबणाचा गोळा दाबून वर चिंधी बांधली, आणि सगळ्यात आधी ती वायर त्या पितळी बोंडावर परत लावली. आयुष्यात मी काही वेळा माफी मागितली आहे. ती पहिली.

हँडल मारलं. सुरू! काटा हळूच मध्यावर आला आणि थांबला. मी पेडल दाबलं. काही नाही. इंजिन आपलं मंद गुरगुरतंय आणि पेडल माझ्या पायाखाली मेलेलं. बॉनेट उघडलं तर थ्रॉटलची सळई लोंबत होती. होज ओढताना मी तिच्यावर कोपर टेकलं होतं आणि सांध्याची वाटीच फुटली होती. मी तारेने बांधलं. पेडल दाबलं आणि तार अडकली, चकती उघडीच राहिली, गाडी बैल उधळावा तशी सुटली, पुढून येणाऱ्या बैलगाडीच्या चाकाला चाटून गेली. मी चावी फिरवली, गाडी खड्ड्यात थबकली. गाडीवानाने माझ्या कुळाचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण अचूक होता.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. शेठनी मांडीवरच्या पुडक्याची सुतळी सोडवायला सुरुवात केली. "विनू, त्या चकतीला स्प्रिंग आहे ना? ओढली की उघडते, सोडली की मिटते?" "हो." "मग सळई कशाला पाहिजे? माणूस आहे ना."

अशी आमची गाडी पुढे निघाली. सुतळीचं एक टोक थ्रॉटलला, दुसरं बॉनेटच्या फटीतून बाहेर, डाव्या खिडकीतून शेठच्या हातात. मी ओरडायचो, "द्या!" शेठ ओढायचे. "सोडा!" शेठ सोडायचे. "थोडं द्या! थोडं, शेठ, थोडं!" शेठना थोडं जमत नव्हतं. कापड मोजताना त्यांचा हात बोटभरही चुकत नसे, पण इथे एकदम वावभर ओढायचे आणि आम्ही दोघं मागे आपटायचो. साक्री येईपर्यंत त्यांना ठेका सापडला. मग ते हसायला लागले, लहान पोरासारखे. "बापूजी असते तर!" असं म्हणून ते खेचायचे आणि गाडी चढ चढायची. मी एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा काट्यावर ठेवून घामाने निथळत होतो, आणि इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

गावात शिरलो तेव्हा सूर्य डोंगरापासून दोन हातांवर होता. अक्का ओट्यावरच बसली होती, गाठोडं मांडीवर. दुपारपासून बसली असणार. तिने मला पाहिलं, बाहीवरचा वाळलेला कळणा पाहिला, शेठचं चुरगळलेलं धोतर पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. नाना बाहेर आले. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशा. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बैल घेताना मारतात तशी. खिडकीपाशी थांबले.

"हाई दोरी कसानी?"

शेठ पुढे झाले. "नाना, ही जरा नवीन पद्धत..."

"नवीन नाही," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. चार मुठी, खोटारडा काटा, म्हातारी, तार, बैलगाडी. पकडले जाण्याआधी आपली चूक सांगायची ही माझी पहिलीच वेळ. मधेच अक्काचं हसू फुटलं. नाना हसले नाहीत.

"मन्ही सून ह्या गाडीमा जाणार नही."

अक्काचं हसू बंद झालं. तिने गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं. तिने ते ज्या हळुवारपणे खाली ठेवलं ते मला बघवलं नाही. मी म्हणालो, "नाना, गाडी चांगली आहे. वाईट होतो तो मी. हा काटा बघा." मी इंजिन सुरू केलं, काटा दाखवला, वायर काढून तो कसा पडतो ते दाखवलं, परत लावून दाखवलं. "आता हा म्हणेल तिथे थांबेन. दहा वेळा म्हणाला तर दहा वेळा."

नाना काट्याकडे पाहत होते. मग खिडकीत हात घालून त्यांनी सुतळी दोन बोटांत धरली. अगदी अलगद ओढली. इंजिनाने आवाज चढवला. सोडली. उतरला. पुन्हा ओढली, केसभर. इंजिन केसभरच बोललं. त्यांच्या मिशा हलल्या.

"शेठ, तुमना हात जड शे. मांगे बसा." मग घराकडे वळून त्यांनी आवाज दिला, "आयकं का, मन्हा फेटा लई ये!"

अक्काची सासू दारात आली. "काब्रं? कोठे चालनात? सणले याहीना घर, बिनबोलायेल?" सणाला व्याह्यांच्या घरी न बोलावता जाणं तिला पटेना.

"मुऱ्हाळी म्हणीसन," नाना म्हणाले आणि माझ्याकडे हनुवटी केली. "हाऊ डायव्हर शे."

अशी माझी मुऱ्हाळ्याची जागा गेली. त्या माऊलीने सूर्य मावळायच्या आत शेठच्या हातावर दशम्या ठेवल्या, कारण दिवस बुडाल्यावर ते जेवत नसत. अक्काला मागच्या सीटवर गादी घालून बसवलं आणि डोंगरावर ऊन असतानाच आम्ही निघालो. नानांच्या हातात दोरी होती आणि मला काही ओरडावं लागत नव्हतं. चढ दिसला की ते ओढत, खड्डा दिसला की सोडत आणि दोन्ही वेळा जिभेने 'च्च' करत. गाडी अशी चालली की मागे अक्काच्या हातातला पाण्याचा तांब्या हिंदकळला नाही.

साक्रीच्या अलीकडे एक चढ आहे. त्या चढावर काटा मध्यावरून जरासा पुढे सरकला. बोटभर नाही, पेरभर. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"काय व्हयनं?" नानांनी विचारलं.

"काही नाही. काटा थोडा वर गेला. दहा मिनिटं थांबू."

नानांनी दोरी गुडघ्यावर ठेवली, तंबाखूची चिमूट काढली आणि मागे वळून म्हणाले, "सूनबाई, तुन्हा भाऊ सुधरी गया बरं."

"नाना," अक्का म्हणाली, "आजून धुळं लांब शे."